चेहरा मुका असतो, असं मी म्हटलेलं नाही

नुसत्या चेहऱ्यावरून भावना कळत नाही, आपण ती संदर्भाच्या आधाराने वाचतो, या माझ्या लेखावर इतकी मुद्देसूद प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी पापुआ न्यू गिनीत भावमुद्रा जगभर सारख्याच असल्याचं दाखवलं, ते मी डावललं; सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशॉव्हच्या ऐकीव किश्शावर (एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडला की प्रेक्षकांना त्यात वेगवेगळ्या भावना दिसतात) विसंबलो; आणि 'मला तर चेहरा बघताक्षणी कळतं'.

कुलेशॉव्हचं लगेच मिटवू. मूळ चित्रफीत आज उपलब्ध नाही, त्यामुळे तो पुरावा तुम्ही खुशाल बाद करा. माझं त्यावाचून काही अडत नाही.

एकमन आणि त्यांचे सहकारी फ्रीझन यांचा १९७१ चा अभ्यास मात्र पुन्हा वाचाच. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना आधी छोटीशी गोष्ट सांगत (मित्र आलेत, आनंद झालाय, अशा धर्तीची), मग मोठ्यांना तीन आणि मुलांना दोन फोटोंतून जुळणारा चेहरा निवडायला लावत. म्हणजे संदर्भ संशोधकांनीच पुरवला होता! एवढं करूनही मोठ्यांना भीती आणि आश्चर्य यांचे चेहरे वेगळे काढता आले नाहीत.

आता 'बघताक्षणी कळतं' याबद्दल. मानसशास्त्रज्ञ हिलेल अविएझर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात टेनिसपटूंच्या फोटोंचा प्रयोग मांडला. काही फोटो महत्त्वाचा गुण जिंकल्यानंतरचे, काही गमावल्यानंतरचे. नुसते चेहरे दाखवले तेव्हा लोकांना जिंकलेला कोण, हरलेला कोण, हे ओळखता आलं नाही. नुसती शरीरं दाखवली तर जमलं. पूर्ण फोटो पाहणारेही बरोबर ओळखत होते, पण त्यांना वाटत होतं की आपल्याला ते चेहऱ्यावरून कळलं! मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तुमची खात्री खरी आहे, फक्त ती कुठून आली याचा अंदाज चुकतोय.

शिवाय संदर्भ हा मागाहून लावलेला अर्थ नसतो. याच गटाच्या २००८ च्या प्रयोगात किळस दाखवणारा चेहरा मूठ उगारलेल्या शरीरावर बसवला. बहुतेकांना त्यात राग दिसला, आणि चेहऱ्यावर नजर फिरवण्याची त्यांची पद्धतही बदलली.

'व्यवहारात फरक काय पडतो?' असंही तुम्ही विचारलंत. चेहरा वाचून कर्मचाऱ्याच्या किंवा विद्यार्थ्याच्या भावना ठरवणारी सॉफ्टवेअर विकली जातात. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्याने वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत त्यांना मनाई केली आहे.