ॲम्प लावला आणि ‘फायनल उडाले’?

ट्रान्सीव्हरच्या (सिग्नल पाठवणाऱ्या-ऐकणाऱ्या रेडिओच्या) मागे लिनियर, म्हणजे त्याची पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर (ॲम्प), जोडल्यावर जे जे बिघडतं त्या सगळ्यावर उतारा सांगणारा एक मजकूर हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींमध्ये हातोहात फिरतो. कुणीतरी लिहिला, दुसऱ्याने भर घातली, तिसऱ्याने वर ‘अनुभवी माणसाचा सल्ला’ असं लिहून पुढे पाठवला. त्याचा गाभा असा: ॲम्प लावल्यावर रेडिओची पॉवर पडली तर रेडिओचे फायनल (शेवटच्या टप्प्यात पॉवर देणारे) ट्रान्झिस्टर गेले असं समजा, रेडिओवर एसडब्ल्यूआर (पुढे जोडलेल्या गोष्टीशी मॅच किती बिघडलीय ते सांगणारा आकडा; १ म्हणजे उत्तम) चढला तर अँटेना बघा आणि तोवर रेडिओच्या ट्यूनरने (मॅच जुळवणाऱ्या सर्किटने) तो खाली आणा, एएलसी केबलशिवाय (ॲम्पकडून रेडिओला ‘पॉवर कमी कर’ सांगणारी केबल) ॲम्प चालवू नका, ॲम्पची कीइंग वायर (रेडिओ ट्रान्समिटला गेला की ॲम्पला जागं करणारी) म्हणजे निव्वळ स्विच, कुठल्याही रेडिओला चालते, आवाज फाटला किंवा रेडिओ ट्रान्समिटमध्येच अडकला तर अर्थिंग जाड करा, एवढ्याने भागलं नाही तर झाकण उघडून आतला पॉवरचा पॉट (फिरवून सेट करायचा छोटा रेझिस्टर) थोडा वाढवा.

सगळंच खोटं असतं तर कुणी ऐकलं नसतं. यात थोडं थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणून माणसं स्क्रू ड्रायव्हर घेऊन रेडिओ उघडून बसतात. मीही एकदा बसलो होतो. ते पुढे येईलच.

‘पॉवर पडली म्हणजे फायनल गेले.’ फायनल जातात, नाही असं नाही. पण ते गेले की नाही हे ठरवायला ॲम्प लागत नाही, उलट तो वाटेतून काढावा लागतो. नुसता स्टँडबायवर (चालू, पण सिग्नल न वाढवता) टाकून चालत नाही, कारण स्टँडबायमध्येही सिग्नल त्याच्या रिलेतून आणि दोन जास्तीच्या केबलींतूनच जातो. कोॲक्स (सिग्नलची केबल), कीइंग, एएलसी सगळं सोडवा. रेडिओला थेट ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर) आणि मध्ये बाहेरचा वॉटमीटर लावा, सीडब्ल्यू (मोर्स) किंवा आरटीटीवायवर (टेलिटाइप) जा, की दाबा. १०० वॉटचा रेडिओ १०० च्या आसपास दाखवत असेल तर फायनल ठणठणीत आहेत, विषय संपला. हे एसएसबीवर (बोलण्याच्या मोडवर) बोलून बघू नका. साधा सरासरी दाखवणारा मीटर बोलताना २०-३० वॉटवरच खेळतो आणि धडधाकट रेडिओ आजारी वाटतो. एकाच बँडवर पॉवर कमी आणि बाकी बँडवर पूर्ण असेल, तरी फायनलवर संशय घेऊ नका. फायनल सगळ्या बँडना तेच असतात. तिथे त्या बँडच्या लो-पास फिल्टरकडे, त्याच्या रिलेकडे बघायचं.

आणि पॉवर सप्लाय! १०० वॉट बाहेर टाकणारा रेडिओ १३.८ व्होल्टवर २० अँपियरच्या वर ओढतो. वायर, फ्यूज होल्डर आणि कनेक्टर मिळून ०.०५ ओहम जरी भरले तरी २० अँपियरला एक व्होल्ट वाटेतच जातो. सप्लायच्या मीटरवर १३.८ दिसत असतं आणि रेडिओच्या पाठीशी त्याहून बरंच कमी पोचतं. म्हणून मोजायचं ते रेडिओच्या टोकाशी, ट्रान्समिट चालू असताना. १३.८ व्होल्टवर चालणारा छोटा मोबाइल ॲम्प त्याच सप्लायवर टांगला असेल तर ‘ॲम्प लावल्यावर पॉवर पडते’ यात गूढ काहीच नाही.

‘एसडब्ल्यूआर चढला तर अँटेना बघा.’ हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना फसवतो, कारण ॲम्प नसताना तो अगदी बरोबर असतो. ॲम्प स्टँडबायवर असतो तेव्हा रेडिओला अँटेना दिसते. ॲम्प ऑपरेटवर (प्रत्यक्ष कामाला) टाकला की रेडिओला अँटेना दिसतच नाही. दिसतो तो ॲम्पचा इनपुट. अँटेना ॲम्पला दिसते. म्हणजे स्टँडबायमध्ये १.२ आणि ऑपरेटमध्ये ३ असं रेडिओचा मीटर दाखवत असेल तर अँटेनाच्या खांबावर चढण्यात अर्थ नाही. बघायचं ते ॲम्पच्या इनपुटकडे: ट्यूब (व्हॅक्यूम ट्यूबच्या) ॲम्पमध्ये बँडस्विच रेडिओच्या बँडवर आहे ना, इनपुटचं ट्यून्ड सर्किट त्या बँडला जुळलंय ना, रेडिओ आणि ॲम्पमधली पॅच केबल शाबूत आहे ना. एक बारकावा ग्राउंडेड-ग्रिड ट्यूब ॲम्पचा: त्यात ड्राइव्हची काही पॉवर आउटपुटपर्यंत जात असते, त्यामुळे प्लेट आणि लोडची बटणं भलतीकडे असली तर इनपुटची मॅचही हलते. आधी ॲम्प नीट ट्यून करा, मग रेडिओच्या मीटरवर विश्वास ठेवा.

पॅच केबलबद्दल एक शब्द. पीएल-२५९ कनेक्टरला कोॲक्सची जाळी नुसती दाबून बसवलेली असेल, डाख नीट बसला नसेल, तर मल्टिमीटर ‘बीप’ करून पास करतो. मल्टिमीटरचा करंट काही मिलिअँपियरचा; १०० वॉटला ५० ओहममध्ये १.४ अँपियर वाहतात. तो सांधा मिलिअँपियरला होकार देतो आणि अँपियरला तापून नकार देतो. संशय आला तर केबल तपासत बसण्यापेक्षा चांगली केबल लावून बघणं स्वस्तातलं.

आता त्या ‘ट्यूनरने खाली आणा’चं काय होतं ते बघा. स्टँडबायमध्ये अँटेनाचा एसडब्ल्यूआर समजा २.५ आहे. रेडिओच्या ट्यूनरने तो १ वर आणला. मग ॲम्प ऑपरेटवर. ट्यूनर मात्र अँटेनासाठी जुळवलेला तसाच बसलाय, आणि त्याच्या पुढे आता व्यवस्थित ५० ओहमचा इनपुट आला. त्या चांगल्या ५० ओहमचं तो भलतंच काही करून रेडिओसमोर ठेवतो, रेडिओचं संरक्षण जागं होतं आणि पॉवर खाली येते. झालं, ‘फायनल गेले’. यात आणखी मेख अशी की बरेच रेडिओ ट्यूनरची जुळणी वारंवारतेनुसार लक्षात ठेवतात. त्यामुळे बँडच्या एका टोकाला सगळं छान आणि दुसऱ्या टोकाला बिघाड, असा भुताटकीचा खेळ दिसतो. ॲम्प चालवताना रेडिओचा ट्यूनर बंद. अँटेनासाठी ट्यूनर हवाच असेल तर तो ॲम्प आणि अँटेनाच्या मध्ये, आणि ॲम्पची पूर्ण पॉवर झेलणारा.

‘एएलसी केबल लावलीच पाहिजे.’ माझी फजिती इथली. ॲम्प ऑपरेटवर टाकला की रेडिओची सुई ३५ वॉटवर येऊन बसायची. स्टँडबायमध्ये तीच सुई शंभरावर जात होती, हे डोळ्यांना दिसत होतं. पण डोक्यात ‘फायनल’ एवढं एकच भरलं होतं. दोन संध्याकाळी रेडिओ उघडून ट्रान्झिस्टरच्या बायसची व्होल्टेज मोजली, पानं चाळली, सगळं बरोबर निघालं. शेवटी वैतागून मागच्या केबली एकेक उपटल्या आणि एएलसीची बारीक केबल निघताच सुई शंभरावर. टेबल सरकवताना ॲम्पच्या पाठीमागचं एएलसीचं बटण फिरलं होतं. ॲम्प बिचारा इमाने-इतबारे रेडिओला ‘कमी कर, कमी कर’ सांगत होता आणि रेडिओ ऐकत होता.

एएलसी म्हणजे ॲम्पकडून रेडिओकडे जाणारं उणे व्होल्टेज. जितकं जास्त उणे, तितका रेडिओ आखडता घेतो. अनेक आधुनिक रेडिओ शून्य ते उणे ४ व्होल्टच्या पट्ट्यात हे ऐकतात. काही ॲम्प, विशेषतः जुने, त्याहून बरंच मोठं व्होल्टेज देतात. दोघांचं जुळवलं नाही तर रेडिओ पार गळून जातो किंवा प्रत्येक शब्दाला पॉवर हेलकावे खाते. आणि ‘एएलसी ॲम्पचं रक्षण करते’ हेही पूर्ण खरं नाही. ती मागून येणारी दुरुस्ती आहे: आधी ॲम्पला जास्त ड्राइव्ह पोचायला हवा, मग ती जागी होणार. काही रेडिओ ३० वॉटवर ठेवले तरी पहिल्या अक्षराला काही मिलिसेकंद पुऱ्या १०० वॉटचा फटका देतात. साध्या मीटरला तो दिसत नाही, ऑसिलोस्कोपला दिसतो, आणि एलडीएमओएस (पॉवर ट्रान्झिस्टरवाल्या) ॲम्पच्या प्रोटेक्शनला तर हमखास दिसतो. ‘बोलायला सुरुवात केली की ॲम्प ट्रिप होतो’ ही तक्रार बऱ्याचदा याच फटक्याची असते. ॲम्पला किती ड्राइव्ह लागतो ते त्याच्या पुस्तिकेत बघा, रेडिओची पॉवर तेवढीच ठेवा, फटका मारणारा रेडिओ असेल तर इनपुटला पुरेशा वॉटचा ॲटेन्युएटर बसवा. एएलसी केबल बिघाड शोधताना तरी नक्की काढून ठेवा.

‘कीइंग वायर म्हणजे निव्वळ स्विच.’ स्विच आहे हे खरं, पण त्या स्विचवर किती व्होल्ट बसलेत? हीथकिटच्या एसबी-२२० सारख्या जुन्या ट्यूब ॲम्पच्या कीइंग जॅकवर शंभराहून जास्त व्होल्ट असतात. त्या काळच्या रेडिओत दणकट रिले असे, त्याला ते पचत असे. आजच्या रेडिओत तिथे पुष्कळदा छोटा ट्रान्झिस्टर असतो. तो एका दाबात मरतो, आणि मरताना शॉर्ट झाला तर ॲम्प कायमचा ‘ऑन’ राहतो. मल्टिमीटर काढा, ॲम्पच्या कीइंग जॅकवरचं उघडं व्होल्टेज मोजा, मग शॉर्ट केल्यावर वाहणारा करंट मोजा, आणि दोन्ही आकडे रेडिओच्या पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून बघा. मर्यादेबाहेर असेल तर मध्ये बफर सर्किट लागतं. आतल्या डीसी रिलेच्या कॉइलवर डायोड नसेल तर बंद होताना उसळणारं व्होल्टेज वेगळंच. आणि ॲम्प मुळीच की होत नसेल तर काही रेडिओंत ही लाइन मेनूतून बंद ठेवलेली असते, ते आधी बघा.

याच वायरीशी जोडलेली एक गोष्ट त्या मजकुरात नावालाही नाही, आणि फायनल खरोखर मारणाऱ्या गोष्टींत ती पुढे आहे. ॲम्पच्या मोठ्या रिलेला जागेवर बसायला १०-२० मिलिसेकंद लागू शकतात. रेडिओने त्याआधीच आरएफ (ट्रान्समिटची पॉवर) सोडलं तर क्षणभर रेडिओसमोर काहीच जोडलेलं नसतं, आणि रिलेचे काँटॅक्ट ठिणगीत जळतात. सीडब्ल्यूवर पहिलं टिंब कापलं जातंय, रिलेचा आवाज चिडका येतोय, अशी लक्षणं दिसली तर रेडिओच्या मेनूतला टीएक्स डिले वाढवा. जळके काँटॅक्ट पुढे रिसिव्हरलाही छळतात, कारण ऐकू येणारा सिग्नलही तिथूनच जातो. ‘रेडिओ बहिरा झाला, पण एकदा ट्रान्समिट केलं की ऐकू यायला लागतं’ असं होत असेल तर रेडिओ नव्हे, रिले तपासा.

‘अर्थिंग जाड करा.’ विजेच्या धक्क्यापासून आणि आकाशातल्या विजेपासून वाचायला अर्थिंग हवंच, यात वाद नाही. पण आवाज फाटणं, यूएसबी तुटणं, रेडिओ ट्रान्समिटमध्येच अडकणं हे आरएफचे प्रताप आहेत आणि आरएफला तार किती जाड आहे यापेक्षा किती लांब आहे याची फिकीर असते. १४ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण ५.३ मीटर. पहिल्या मजल्यावरच्या खोलीतून जमिनीतल्या रॉडपर्यंत जाणारी तार पुष्कळदा साधारण तेवढीच भरते. पाव लांबीच्या तारेचं एक टोक जमिनीला असलं की दुसरं टोक, म्हणजे तुमचा रेडिओ, आरएफसाठी जमिनीपासून जवळपास तुटलेला असतो. तार मनगटाएवढी केली तरी.

आधी डमी लोड लावा, पण ॲम्पची पॉवर झेलणारा. १०० वॉटचा डबा ॲम्पखाली लावाल तर धूर निघेल. डमी लोडवर सगळं स्वच्छ आणि अँटेनावर गडबड असेल तर फीडलाइनच्या (अँटेनाकडे जाणाऱ्या केबलच्या) बाहेरच्या अंगावरून करंट खोलीत येतोय. १०० वॉटवर तो गप्प होता कारण तो लहान होता. पॉवर दहापट झाली की करंट तिपटीहून जास्त होतो. त्यावर उपाय कॉमन-मोड चोक (हा बाहेरचा करंट अडवणारा): ३१ नंबरच्या मिश्रणाच्या मोठ्या फेराइट रिंगवर कोॲक्सचे दहाएक वेढे, अँटेनाच्या फीडपॉइंटला, गरज पडली तर ॲम्पच्या मागेही, आणि माइक व यूएसबी केबलींवर छोट्या रिंगा. एकदाच ओवलेला चिमट्याचा मणी खालच्या बँडवर फारसं काही करत नाही. डमी लोडवरही आवाज फाटत असेल तर मात्र फेराइट विसरा. तिथे ड्राइव्ह जास्त आहे, सप्लाय बसतोय किंवा एखादा सांधा कच्चा आहे.

राहिला तो पॉट. ८० वॉटचे १०० झाले तर समोरच्याच्या मीटरवर एक डेसिबलही पुरता वाढत नाही. एक एस-युनिट ६ डेसिबलचं असतं. बदल्यात सिग्नल शेजारच्या फ्रीक्वेन्सीवर सांडतो, रेडिओचं संरक्षण कुठे सुरू व्हावं ते बिघडतं, आणि ३०-५० वॉट ड्राइव्ह मागणाऱ्या एलडीएमओएस ॲम्पच्या गेटवर आणखी मोठा फटका जातो. पॉट आधी कुठे होता याची खूण कुणी केलेली नसते, मग पुढे सर्व्हिस मॅन्युअल शोधत बसायचं.

शिवाय ‘झाकण उघडा’ म्हणताना झाकण कुणाचं ते त्या मजकुरात लिहिलेलं नाही. त्याआधी ॲम्पचा उल्लेख वारंवार येतो, त्यामुळे नवखा माणूस ॲम्पचंच उघडेल. ट्यूब ॲम्पमध्ये २५०० ते ३००० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतात. ते उतरवण्याचं काम ब्लीडर रेझिस्टर करतात. त्यातला एखादा उघडा पडला असेल तर तुम्ही कितीही वेळ थांबलात तरी व्होल्टेज पुरतं उतरेलच असं नाही. प्लेट मीटर शून्यावर आला तरी मीटरची वायरच तुटलेली असू शकते. म्हणून ज्यांना हे काम येतं ते प्लग काढून, थांबून, मीटर बघून, वर इन्सुलेटेड दांडीने हाय व्होल्टेज चॅसीला टेकवून मगच आत हात घालतात, तोही एकच.