डुप्लिकेट रोबोट का जमवायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुन्या डाय-कास्ट, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेल्या खेळण्यातल्या रोबोटांच्या नकला मी जमवते, त्या लेखावर तुम्ही रागावून लिहिलंत, पण मनापासून लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: ही चोरी आहे आणि मी चोरीच्या मालाला काचेच्या कपाटात मानाची जागा देते. ज्यांनी मूळ रचना केली त्यांच्या श्रमांचा हा अपमान आहे. या सगळ्या कचऱ्याच्या पैशांत एक अस्सल मॅझिंगर आला असता. आणि मी असं कौतुक करत राहिले तर उद्या हाच माल अस्सल म्हणून लोकांच्या गळ्यात मारला जाईल.

श्रमांपासून सुरुवात करते. जपानच्या पॉपी या खेळण्यांच्या कंपनीने 1974 मध्ये चोगोकिन मालिकेतला पहिला मॅझिंगर झेड काढला. गो नागाई यांच्या चित्रकथेतला तो अवाढव्य रोबोट तळहातावर मावेल एवढा झाला, पण उचलला की जड लागायचा, कारण अंग जस्ताच्या मिश्रधातूचं होतं. हे जस्त प्लास्टिकच्या सहापट जड असतं. पॉपीचे रचनाकार कात्सुशी मुराकामी आणि त्यांचे सहकारी यांनी काय करून ठेवलंय, ते मला अस्सल खेळणं पाहून जेवढं कळलं नाही तेवढं डुप्लिकेट उघडून कळलं.

पॉपीचाच 1981 चा गोलायन घ्या, पुढे जगभर व्होल्ट्रॉन म्हणून पोचला तो. पाच सिंह एकमेकांत अडकून एक योद्धा उभा राहतो. माझ्याकडच्या नकलेत तो उभा राहतो, पण एक हात सारखा खाली लोंबतो. कारण शोधायला बसले तेव्हा सगळा प्रकार उलगडला. नक्कल करणाऱ्याकडे मूळ आराखडे नसतात. तो बाजारातून एक खेळणं आणतो, स्क्रू काढून सुटं करतो आणि त्या तुकड्यांवरूनच साचा तयार करतो. साच्यात ओतलेला माल थंड होताना आकसतो, त्यामुळे नक्कल मूळ वस्तूपेक्षा किंचित लहान निघते. त्या नकलेवरून पुन्हा कुणी साचा घेतला तर आणखी लहान. सगळेच भाग सारखे आकसले असते तर जोड तरी नीट बसले असते. पण जिथे धातू होता तिथे पैसे वाचवायला प्लास्टिक घातलं जातं आणि प्रत्येक माल आपापल्या प्रमाणात आकसतो. मग खुंटी सैल, खाच मोठी, आणि सिंहाचं मुंडकं खाली. मुराकामींच्या टेबलावर केसाएवढ्या फरकाचा किती विचार झाला असेल, ते हा लोंबणारा हात सांगतो. यात त्यांचा अपमान मला दिसत नाही.

डुप्लिकेटच्या पाठीवर किंवा तळपायावर बऱ्याचदा एक गुळगुळीत चौकोन सापडतो. मूळ कंपनीचं नाव आणि साल जिथे होतं, तिथला साचा बुजवलेला असतो. तो चौकोन दिसला की मी भिंग घेऊन बसते, कारण कधीकधी एखादं अर्धं अक्षर राहून गेलेलं असतं आणि नक्कल नेमकी कशावरून घेतली याचा धागा मिळतो.

तुम्ही अस्सल आणि नकली यांच्यात सरळ रेघ ओढता. त्या काळातल्या धंद्यात ती इतकी सरळ नव्हती. ट्रान्सफॉर्मर्स 1984 मध्ये अमेरिकेत आले, तेव्हा त्यातले बहुतेक रोबोट जपानच्या ताकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रो चेंज या आधीच्या मालिकांमधले होते. त्यांच्यातला जेटफायर मुळात ताकातोकू या दुसऱ्या कंपनीचं लढाऊ विमान. शॉकवेव्ह तर टॉयको नावाच्या तिसऱ्याच कंपनीचा. ट्रान्सफॉर्मर्स विकणाऱ्या हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने तो जांभळा विकला आणि तोच रोबोट करड्या रंगात, दुसऱ्या नावाने, रेडिओ शॅकच्या दुकानांत मिळत होता. हे सगळे व्यवहार परवानगीने झाले, माझ्या डुप्लिकेटांना परवानगी नव्हती, हा फरक मला पूर्ण मान्य आहे. मला एवढंच म्हणायचंय की पोलादी साचा महाग असतो, म्हणून तो एका मालकाकडे गप्प बसून राहत नाही. साच्यांचा हा प्रवास समजून घ्यायचा तर नकलांना वगळून चालत नाही.

आता चोरी. होय, ती चोरीच होती. पण मुंबईतल्या मुलांच्या हातात हे रोबोट कसे आले, तेही बघा. 1 एप्रिल 2001 पर्यंत आपल्याकडे ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर बंधनं होती. गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्या मुलाला सरळ दुकानात जाऊन चोगोकिन मागता येईल अशी सोयच नव्हती. आखातातून आलेला मामा बॅगेतून काही आणेल, नाहीतर क्रॉफर्ड मार्केट आणि मनीष मार्केटच्या गल्ल्यांत बाहेरून आलेला माल असेल, त्यातला परवडेल तो. तिथे मिळायचा तो हाँगकाँग-तैवानचा डुप्लिकेट. आमच्या पिढीसाठी रोबोट म्हणजे तोच.

माझ्याकडच्या एका लाल-निळ्या रोबोटच्या कमरेत पिन नाही, सायकलच्या चाकाची तार आहे. नीट कापलेली, दोन्ही टोकं घासून बोथट केलेली, मुलाच्या बोटाला लागू नये म्हणून. कुण्या बापाने किंवा काकाने संध्याकाळी बसून ते केलंय. दुसऱ्या एकाच्या पायाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने इयत्ता आणि तुकडी लिहिलीय. अस्सल, पेटीबंद, कुणी हात न लावलेला मॅझिंगर मला आवडतोच. पण या शहरातली मुलं कशाने खेळली, हे त्याच्याकडून कळणार नाही. त्या पैशांत एक अस्सल का घेतला नाहीस, याचं माझं उत्तर हे आहे.

हे आत्ताच जमवायची घाई का, त्याचंही कारण आहे. या रोबोटांच्या मिश्रधातूत शुद्ध जस्त लागतं. शिशाचं प्रमाण 0.005 टक्क्यांच्या वर जाऊ नये असा दंडक आहे. स्वस्त कारखान्यात भंगार वितळवून ओतलं की तो पाळला जात नाही, आणि मग धातू कणाकणांच्या सांध्यांतून सडत जातो. आधी बारीक भेगा, मग फुगवटा, मग बोट लावलं की तुकडा हातात. उबदार, दमट हवेत हे भराभर होतं आणि आपली हवा कशी आहे ते तुम्हाला सांगायला नको. यावर इलाज नाही. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या यांनी फक्त वेग कमी होतो. अस्सल खेळण्यांची काळजी घ्यायला जगभर संग्राहक बसलेत. डुप्लिकेट किंमत नाही म्हणून भंगारात जातात. त्यांचे फोटो, वजनं, मापं, खोक्यावरचा मजकूर आत्ता नोंदवला नाही तर पुढे नोंदवायला काही उरणार नाही.

राहिला फसवणुकीचा मुद्दा आणि तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. चोर बाजारात मटन स्ट्रीटवर मला "जपान का ओरिजनल है, मॅडम" असं सांगून डुप्लिकेट दाखवला गेलाय, आणि किंमतही तशीच. हल्ली जुन्या खेळण्यांच्या अशा नकला निघतात की खोकं, शिक्का, कागद सगळं हुबेहूब. त्या विकत घेणाऱ्याला फसवण्यासाठीच बनतात. मी त्या घेत नाही. रस्त्यावरचा नवा चायना मालही घेत नाही. 1 जानेवारी 2021 पासून मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते नसलेल्या खेळण्याच्या रंगात शिसं आहे की नाही, ते नुसतं पाहून कळत नाही. माझे जुने रोबोटही याच कारणासाठी कुलपात असतात, घरातल्या लहान मुलांच्या हाती मी ते देत नाही. मी घेते ते जुनं, वापरलेलं, भंगारवाल्याकडचं किंवा कुणाच्या माळ्यावरचं. त्यातला एक रुपयाही नक्कल करणाऱ्यापर्यंत जात नाही.

आणि माझ्यानंतर कुणी हे अस्सल म्हणून विकू नये, म्हणून प्रत्येक रोबोटच्या आत, स्क्रू काढल्यावरच दिसेल अशा जागी, मी "नक्कल" असं कोरून ठेवते. वहीत त्याचं वजन, उंची आणि कुठून मिळाला ते लिहिते. मी विकत नाही, अदलाबदल करते, तीही समोरच्याने ते कोरलेलं पाहिल्यावरच. तुमच्याकडे अस्सल गोलायन आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याच्या पाचही सिंहांची वेगवेगळी वजनं आणि छातीच्या खाचेची रुंदी मला कळवाल का? माझ्या नोंदींत तो रकाना अजून रिकामा आहे.