‘पूर्ण शीट घ्या, लॅमिनेट करून ठेवा’ या संदेशाला उत्तर

एखाद्या व्यक्तीच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ नवं स्मारक टपाल तिकीट निघालं की नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच मजकूर फिरतो: मोजकीच छापलीत, आजच पूर्ण शीट घ्या, दहा वर्षांत लाखाचं होईल, आपल्या नाशिकरोडलाच छापतात, म्हणून आपल्याला आधी मिळतात, टपालाला लावू नका, किंमत जाते, लॅमिनेट करून ठेवा. चारही मुद्दे चुकीचे आहेत, आणि शेवटचा तर तिकिटाच्या जिवावर उठणारा.

‘मोजकीच छापलीत.’ किती छापली हे गुपित नसतं. तिकिटासोबत निघणाऱ्या माहितीपत्रकात मूल्य, छापील संख्या, छपाईची पद्धत आणि छापखाना दिलेला असतो. ती संख्या बहुधा लाखांत असते, आणि घेणारे बहुतेक जण ती कोरीच जपतात. मग दुर्मिळता येणार कुठून? पुरावा म्हणून गांधीजींचं १० रुपयांचं तिकीट दाखवतात. ते १५ ऑगस्ट १९४८चं. त्या संचातली बाकीची तीन दीड आणा, साडेतीन आणे आणि १२ आण्यांची होती. तेव्हा १० रुपये तिकिटात अडकवून ठेवणं फार थोड्यांना परवडलं, म्हणून आज त्याची कोरी प्रत महाग आहे. ५ रुपयांच्या तिकिटाला तो न्याय लागू नाही. संग्रहासाठी एक सुटं तिकीट, शीटच्या कोपऱ्यातली, कडेची पट्टी न फाडलेली चौकडी (जोडलेली चार तिकिटं), प्रथम दिवस आवरण (तिकीट निघालं त्या दिवसाचा शिक्का असलेलं पाकीट) आणि माहितीपत्रक एवढं पुरे. पट्टीवर छपाईच्या रंगांचे ठिपके असतात; संग्राहक त्यांना ट्रॅफिक लाइट म्हणतात आणि ती चौकडी मुद्दाम शोधतात.

‘नाशिकला आधी मिळतात.’ नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२६पासून टपाल तिकिटं छापली जातात, १९३१चा नवी दिल्लीचा सहा तिकिटांचा संच इथलाच. याचा अभिमान आम्हालाही आहे. पण प्रेसच्या फाटकावर तिकिटं विकत नाहीत. ती टपाल खात्यामार्फतच येतात, शिवाय काही हैदराबादला छापली जातात. नवी तिकिटं चुकू नयेत असं वाटत असेल तर मुख्य टपाल कार्यालयात फिलाटेली ठेव खातं, म्हणजे तिकीट संग्राहकांसाठीचं आगाऊ पैसे भरायचं खातं, उघडा. २०० रुपयांपासून उघडता येतं आणि निवडलेल्या गोष्टी घरपोच येतात.

‘टपालाला लावलं की किंमत जाते.’ स्मारक तिकीट टपालासाठीच असतं. योग्य दराचं, स्वच्छ शिक्का उमटलेलं, खरोखर प्रवास केलेलं पाकीट संग्राहक आवर्जून ठेवतात. खिडकीवर हाताने शिक्का मारून मागा, आणि असं पाकीट जपायचं असेल तर तिकीट कापून काढू नका.

‘लॅमिनेट करा.’ उष्णता आणि प्लास्टिकचा चिकट थर डिंकात आणि कागदात भिनतो. तो परत निघत नाही. कोऱ्या तिकिटाची किंमत पाठीमागच्या अखंड डिंकावर ठरते, तेव्हा गोंद, सेलोटेप आणि हिंजही (तिकीट पानावर चिकटवायच्या कागदी पट्ट्या) नकोत. तिकीट चपट्या टोकाच्या चिमट्याने उचला. स्टॉकबुकात (तिकिटं न चिकटवता खोचून ठेवायच्या पट्ट्यांचं पुस्तक) किंवा स्वच्छ माउंटमध्ये (तिकिटाच्या मापाचं पारदर्शक पाकीट) ठेवा. मऊ, वास येणारे पीव्हीसीचे खिसे टाळा. खरी कसोटी नाशिकच्या पावसाळ्यात लागते. दमट हवेत डिंक ओल धरतो, तिकिटं एकमेकांना चिकटतात, कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. स्टॉकबुकं आडवी न रचता उभी ठेवा, म्हणजे वजनाने तिकिटं दाबली जात नाहीत. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत पानं उघडून वारं द्या.

तरीही दोन तिकिटं चिकटली तर ओढू नका, कागदाचा पापुद्रा निघतो. झाकणाच्या डब्यात तळाशी ओला, पिळलेला स्पंज ठेवा, वर जाळी, जाळीवर तिकिटं. दर अर्ध्या तासाने पाहा. कडा सैल झाल्या की चिमट्याने अलगद सोडवा आणि डिंकाची बाजू वर करून सावलीत पूर्ण वाळू द्या. ओलसर असतानाच पुस्तकात घातली तर पानालाच चिकटतील.