‘हॅक झाला? आधी फॉरमॅट मारा’ हा सल्ला घातक आहे

सांगलीत करसल्लागार असलेल्या माझ्या मावसभावाच्या संगणकातील सर्व फाइली गेल्या महिन्यात रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडवून धरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने, कुलूपबंद केल्या. मला फोन करण्याआधी त्याने व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश वाचला आणि त्याबरहुकूम संगणक फॉरमॅट करून टाकला. संगणक तत्काळ बंद करा, फॉरमॅट मारा, मग पासवर्ड बदला की विषय संपला; आणि बोभाटा करू नका, पोलीस काही करत नाहीत, असे त्या संदेशात छातीठोकपणे सांगितले आहे.

यातला फॉरमॅटचा सल्ला सर्वांत वाईट. चोरी झालेले घर पंचनाम्याआधी कोणी धुऊन काढत नाही. घुसखोर कोणत्या वाटेने आला, कधीपासून आत होता आणि काय घेऊन गेला, याच्या खुणा त्याच डिस्कवर असतात. शिवाय डच पोलीस आणि युरोपोल यांनी दोन सुरक्षा कंपन्यांसह २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर अनेक रॅन्समवेअरची कुलपे उघडणारी साधने मोफत मिळतात. मात्र आपल्यावर कोणता प्रकार चालून आला हे ओळखण्यासाठी खंडणीची चिठ्ठी आणि कुलूपबंद फाइल हाताशी असावी लागते. आज चावी नसली तरी पुढे मिळू शकते, म्हणून त्या फाइली जपायच्या असतात. भावाकडे आता त्याही नाहीत. संगणक नव्याने उभारावा लागतो हे खरे, पण ते डिस्कची प्रत काढून ठेवल्यानंतर.

संगणक बंद करण्यात अर्धे तथ्य आहे, कारण प्रसार थांबवायलाच हवा. तरीही अमेरिकेच्या ‘सीसा’ या सायबरसुरक्षा संस्थेची मार्गदर्शिका आधी नेटवर्क तोडायला सांगते आणि ते अशक्य असेल तरच वीज. वीज गेली की मेमरीतला पुरावाही जातो. पासवर्ड जरूर बदलावेत, पण दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून.

राहिला बोभाट्याचा मुद्दा. कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांनी अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी, असा ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेशच आहे; सामान्य माणसासाठी १९३० हा सायबर गुन्हे हेल्पलाइनचा क्रमांक आहे. करसल्लागाराच्या संगणकात तर इतरांचे पॅन, आधार आणि बँक खाती असतात. त्यांतले नेमके कोणाचे काय गेले हे पुसलेल्या डिस्कवरून कळणे शक्य नसल्याने भाऊ आता प्रत्येक अशिलाला फोन करून सावध करत आहे.