पंख्याच्या पॉइंटवरून ट्रॅक लाइट? आधी रेग्युलेटर बघा

‘ट्रॅक लाइटला नवीन वायरिंग लागत नाही. पंख्याच्या पॉइंटवरून दोन वायरी घ्या, एलईडी आहे म्हणून हवी तेवढी हेड लावा, अर्थिंग नको, ट्रॅक हवा तिथे कापा.’ हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर आणि रील्समध्ये फिरतोय. ट्रॅक लाइट म्हणजे छताला लावलेली वीज वाहणारी पट्टी (ट्रॅक) आणि तिच्यावर हवे तिथे सरकवता येणारे दिवे (हेड).

लोडचं म्हणणं बरंचसं खरं आहे. १२ वॅटची १० हेड म्हणजे १२० वॅट, २३० व्होल्टला जेमतेम अर्धा अँपिअर. स्वस्त ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) पॉवर फॅक्टर ०.५ धरला, म्हणजे तेवढ्याच वॅटला दुप्पट करंट, तरी एक अँपिअर. १.५ चौ. मिमी तांब्याच्या वायरीला हे काहीच नाही. पण ‘हवी तेवढी’ हेड नाहीत. बटण दाबताक्षणी सगळ्या ड्रायव्हरमधले कपॅसिटर एकदम चार्ज होतात आणि बी कर्व्हची एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) रेटिंगच्या ३ ते ५ पट करंटला लगेच उडते. तेव्हा रेटिंग वाढवू नका. तेवढ्याच अँपिअरची सी कर्व्ह बसवा, ती ५ ते १० पट करंटला उडते.

खरी चूक पंख्याच्या पॉइंटची. हुकाजवळ जी फेज मिळते ती स्विच आणि रेग्युलेटर ओलांडून आलेली असते. रेग्युलेटर पाचवर असताना काही कळत नाही. दोनवर आणलात की रेग्युलेटरमधला कपॅसिटर मध्ये येतो, दिवे लुकलुकतात आणि काही दिवसांत ड्रायव्हर जातो. शिवाय थंडीत पंखा बंद केला की खोलीत अंधार! वायर स्विचबोर्डातूनच काढायची: स्वतंत्र ६ अँपिअरचा स्विच आणि तिथून ट्रॅकच्या लाइव्ह एंडपर्यंत (वीज जोडायच्या टोकापर्यंत) फेज, न्यूट्रल, अर्थ अशा १.५ चौ. मिमीच्या तीन वायरी. न्यूट्रल त्याच सर्किटचा हवा. शेजारच्या बोर्डाचा उचलला आणि तो दुसऱ्या आरसीसीबीवर (लीकेज झालं की सप्लाय तोडणाऱ्या स्विचवर) असला, तर दिवा लावताच ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पडते आणि वायरमन नसलेलं लीकेज शोधत बसतो.

अर्थिंग नको म्हणणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा ४८ व्होल्टचा मॅग्नेटिक ट्रॅक (कमी व्होल्टचा, हेड चुंबकाने चिकटणारा) असावा. त्याचं गणित वेगळं: १०० वॅटच्या ड्रायव्हरवर ८० वॅटपर्यंतच हेड, आणि ड्रायव्हर फॉल्स सीलिंगमध्ये हात पोचेल अशा जागी. त्या ट्रॅकला चुकूनही थेट २३० व्होल्ट जोडू नका. साधा ट्रॅक मात्र २३० व्होल्टचाच, बॉडी अ‍ॅल्युमिनियमची. अर्थची पट्टी असलेलाच घ्या आणि हेड बसवून तिची बॉडी अर्थशी जोडली जाते का, ते सप्लाय बंद ठेवून मल्टिमीटरने बघा.

जिप्समच्या नुसत्या बोर्डात स्क्रू धरत नाही. आतल्या पत्र्याच्या चॅनेलमध्ये मारा.

कापायचं असेल तर लाइव्ह एंडचं टोक सोडून दुसरं टोक, बारीक दातांच्या हॅकसॉने. कापल्यावर आतली तांब्याची पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या कडेला अगदी बरोबरीने येते. ती ५-६ मिमी आत कापून घ्या, नाहीतर बॉडीला टेकते. कापताना पडलेला धातूचा कीस प्लास्टिकच्या खाचेत अडकून बसतो, डोळ्याला दिसतही नाही. ब्रशने झाडा, एंड कॅप लावा. मग सप्लाय जोडण्याआधी सगळी हेड काढून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) फेज-बॉडी, न्यूट्रल-बॉडी आणि फेज-न्यूट्रल असा लावा. १ मेगाओहमच्या खाली आकडा आला तर कीस अजून आत आहे. कॅप काढा, पुन्हा झाडा.