सत्कार आटोपले असतील तर ट्रम्पेट वाजू द्या

काल रात्रीपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय. लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी मानकुराद आंबा कापावा आणि पुढे जावं.

गोव्यातल्या आमच्या भागातलं एक मंडळ आणि एक कम्युनिटी रेडिओ, म्हणजे गावापुरतं छोटं रेडिओ केंद्र, दोघांनी मिळून उन्हाळी संगीत संध्या ठेवली होती. नावं घेत नाही, ओळखणारे ओळखतील. पत्रिकेवर भावगीतं, नाट्यगीतं आणि शेवटी गावातल्या चार मुलांचं जॅझ आणि ब्लूज. ट्रम्पेट, गिटार, बास, ड्रम्स. मी नाट्यगीतांचाही भक्त आहे, पण काल गेलो होतो तो या मुलांसाठी.

वेळ सहाची, समई पेटली पावणेसातला. मग प्रास्ताविक. मग सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो. शाल, श्रीफळ, फोटो. देणगीदारांचे सत्कार, न आलेल्या देणगीदारांच्या वतीने आलेल्यांचे सत्कार. एका गृहस्थांचा सत्कार नेमका कशाबद्दल झाला हे मी तिघांना विचारलं, तिघांनी तीन कारणं सांगितली. मग भाषणं. मुलं मंचामागे आंब्याखाली उभी. ट्रम्पेटवाला पोरगा तिन्ही पिस्टनवर नुसती बोटं चालवत होता, फुंकर न घालता, अख्खी गाणी मनातल्या मनात वाजवत. पावणेदहा झाले तेव्हा निवेदकाला त्यांची आठवण झाली. आणि काय म्हणाला?

"आता थोडं पाश्चात्त्य. तसं आपलं नाही, पण मुलांची हौस."

दहा वाजता साउंडवाल्याने माइक बंद केला. ट्रम्पेटचा सोलो चालू असताना. ट्रम्पेटला माइक लागतो थोडाच! पोरगा तसाच वाजवत राहिला, पण चिटणीसांनी खालून हात हलवले, बस्स, बस्स. त्याने वाद्य खाली घेतलं, पाण्याची चावी दाबून नळीतलं पाणी झटकलं आणि माना डोलावणाऱ्या आम्हा मोजक्या लोकांना नमस्कार केला. मला लाज वाटली. मंडळाला वाटली असेल असं दिसलं नाही.

दहाचा नियम मला शिकवू नका. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही, आणि वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. नियम चांगलाच आहे, घरात म्हातारी माणसं आहेत, किनारपट्टीवर लोकांनी रात्रीच्या गोंगाटापायी काय सोसलंय ते आपण जाणतो. पण घड्याळ सगळ्यांना दिसत होतं ना? ते भाषणवाल्यांना का नाही लागू पडत?

असो. घड्याळाचा राग सकाळी ओसरला असता. "आपलं नाही" काही ओसरेना.

आमच्या शेजारी एक अंकल राहायचे. तरुणपणी मुंबईला गेले, सिनेमाच्या रेकॉर्डिंगना ट्रम्पेट वाजवली, म्हातारपणी गावी परतले. बाबा मराठी शाळेत मास्तर, देवळात भजनाला पेटी वाजवायचे. मे महिन्यात वीज गेली (म्हणजे रोजच) की दोघांची बैठक आमच्या सोप्यावर. अंकल ट्रम्पेटच्या तोंडाला म्यूट लावून बसायचे, शेजाऱ्यांना उपद्रव नको म्हणून. बाबा अभंग धरायचे, अंकल ओळीच्या शेवटी हळूच दोन सूर टाकायचे. मग अंकलची पाळी. ते ब्लूज धरायचे. बारा बारचं (बार म्हणजे मात्रांचा एक गट) आवर्तन, तीन कॉर्ड (एकदम वाजणाऱ्या सुरांचे मेळ), बस. पहिली ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, तिसरीत उत्तर द्यायचं. बाबांना ते लगेच उमगलं, समेवर बरोबर यायचे. अडायचं ते एकाच ठिकाणी, गंधारावर, म्हणजे 'ग'वर. अंकलचा गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही, दोघांच्या मधे कुठेतरी लोंबकळणारा. बाबा काळी दाबायचे, पांढरी दाबायचे, दोन्ही एकदम दाबायचे आणि वैतागायचे.

"तुमचो गंधार कणसूर!" म्हणजे किंचित बेसूर.

"मास्तर, तुमच्या पेटयेंत तो सूर नाच." तुमच्या पेटीत तो सूरच नाही.

हे भांडण दर उन्हाळ्यात व्हायचं आणि दर वेळी आई सोलकढीचे पेले आणून ते मिटवायची.

आता ज्या पेटीवर बाबा अंकलना सुरेलपणा शिकवत होते तिची कथा ऐका. याच पेटीला आकाशवाणीने 1940 साली बंदी घातली होती. का, तर बाहेरून आलेलं वाद्य, बारा सूर ठोकून बसवलेले, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) लागत नाहीत. म्हणजे आपलं नाही! ती बंदी उठायला 1971 उजाडलं. तीस वर्षांहून जास्त काळ रेडिओवाल्यांनी ठरवलं की पेटी आपली नाही, आणि तेवढा सगळा काळ गावोगावच्या देवळांत भजनं पेटीवरच चालू होती. बाबांनी हे अंकलना सांगितलं तेव्हा अंकल इतके हसले की त्यांना ठसका लागला. आज कुणाच्या देवळात जाऊन म्हणून दाखवा पेटी परकी आहे, पायऱ्या उतरू देणार नाहीत.

आणि तोच रोग आता या कम्युनिटी रेडिओला लागलाय. रविवारी संध्याकाळी तासभर जॅझ आणि ब्लूज लावायचे, एक कॉलेजची मुलगी निवेदन करायची, अडखळत पण मनापासून. तो कार्यक्रम बंद. का विचारलं तर उत्तर, "स्थानिक आशय वाढवायचाय." आता कम्युनिटी रेडिओच्या धोरणात निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांनी केलेले हवेत असं आहेच, आणि बरोबरच आहे. शंभर वॅटचा ट्रान्समीटर, दहा-पंधरा किलोमीटरची पोच, तो गावचं बोलणार नाही तर काय मुंबईचं बोलणार? पण इथलीच मुलगी इथे बसून बोलत होती! आणि स्थानिक स्थानिक म्हणजे काय हो? म्हापशाहून हळदोणे किती लांब? ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हळदोण्याचा. अँतोनियो झेवियर वाझ. मुंबईत त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, अमेरिकेच्या त्या थोर जॅझ ट्रम्पेटवाल्यावरून. 1951 च्या 'अलबेला'त तो आपला बँड घेऊन पडद्यावर दिसतो. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर. नाचतायत भगवानदादा, म्हणजे आपले पालव. ती गाणी लागली की तुमचे मामा-काका लग्नात खांदे उडवतात, तेव्हा कुणाला आठवत नाही की हे आपलं नाही.

गोव्याचे किती वादक त्या सिनेमांत वाजले! चर्चच्या शाळांत लहानपणी सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर वाचून गाणं, घोटलेलं, नोटेशन समोर ठेवलं की वाचून मोकळे. दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेलातला बँड. सेबास्तियन डिसोझांसारखे अरेंजर शंकर-जयकिशनच्या चालींना वाद्यमेळात बसवत होते. नेवऱ्याच्या ब्राझ गोन्साल्विसांनी सॅक्सोफोनवर राग आणि जॅझ यांची सांगड घातली. कोंकणी गाण्यांच्या ख्रिस पेरी आणि लोर्नाबद्दल तर मी लिहीतच नाही, ती गाणी वाजली की नाचणाऱ्यांत आमच्या मंडळाचे अध्यक्षही असतात, मी पाहिलंय. पण गंमत बघा, यातल्या बहुतेक वादकांची नावं सिनेमाच्या पाट्यांवर कधी आलीच नाहीत. आमच्या अंकलचंही नाही. गाणं रेडिओवर लागलं की ते तर्जनी वर करून थांबायचे, अमुक ठिकाण आलं की म्हणायचे, "हो हांव." हा मी. तीन सेकंदांचा तुकडा. मग पुढचं गाणं.

त्यांच्याकडे एक जुना शॉर्टवेव्ह रेडिओ होता. व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कोनोव्हरचा जॅझचा तास लागायचा, 1955 पासून कितीतरी वर्षं चाललेला. तो माणूस मुद्दाम सावकाश इंग्रजी बोलायचा, जगभरच्या लोकांना कळावं म्हणून. खरखरीतून कान लावून अंकल त्यातून शिकले. समुद्रापलीकडचा रेडिओ त्यांना मिळाला. गावच्या रेडिओवर त्यांच्या संगीताला एक तास जड झाला.

बरं, मान्य करतो. ऐकणारे थोडे होते. रेडिओ चालवणारी माणसं पदरमोड करून चालवतात, तेही खरं. आणि ब्लूजचं दुःख आपलं नव्हे, ते अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी भोगलेलं आहे, त्यावर आपण हक्क सांगायला जाऊ नये. सांगत नाहीच. पण ऐकायला हक्क लागत नाही, कान लागतो.

गायिका केसरबाई केरकर कुणाच्या? विचारा मंडळाला. आमच्या, आमच्या, म्हणून शंभर हात वर होतील. केरीच्या, फोंडा तालुक्यातल्या, सुरश्री. 1977 साली अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर जगभरच्या संगीताची, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. काल रात्रीही सांगितलं गेलं, दोनदा. त्याच तबकडीवर आणखी कोण आहे ते मात्र कुणी सांगत नाही. लुई आर्मस्ट्राँगची ट्रम्पेट आहे. ब्लाइंड विली जॉन्सन आहे, टेक्सासचा आंधळा गायक, स्लाइड गिटारच्या साथीने शब्दांशिवाय नुसता गुणगुणणारा, गरिबीत मेलेला. केसरबाई त्यांच्या शेजारी बसून इतकी वर्षं निवांत प्रवास करतायत. त्यांना चाललं, आमच्या निवेदकाला चालेना!

हे लिहिताना आवाज चढला, बायको म्हणाली आता पाणी पी. प्यायलो.

खरं सांगायचं तर मला निवेदकाचा तेवढा राग नाही. चांगला मुलगा आहे, बोलण्याच्या ओघात बोलला. मला डाचतंय ते असं, की अंकलनी हयातभर ट्रम्पेट वाजवली आणि स्वतःच्या गावात त्यांना कधी मंचावर बसवलं नाही. वाजवलं ते फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या उत्सवाच्या, मिरवणुकीत आणि मयतांना. देवळाच्या उत्सवात बाबांनी एकदा विषय काढला होता, अंकल एक अभंग वाजवतील म्हणून. समिती म्हणाली, बघू. बाबांनी पुन्हा विचारलं नाही, अंकलना कधी सांगितलंही नाही. दोघंही आता नाहीत.

काल तो पोरगा पिस्टनवर बोटं चालवत होता ना, तो अंकलच्या नात्यागोत्यातला कुणी नाही. आपल्याच वाड्यावरचा, आजोबा भजनी. यूट्यूबवर पाहून शिकलाय, आणि गंधार बरोबर त्याच अडचणीच्या जागी लावतो. बाबा असते तर म्हणाले असते, कणसूर.

तर, सोमवारी मी रेडिओच्या कार्यालयात पत्र घेऊन जातोय. मागण्या दोनच. रविवारचा तास परत सुरू करा, त्याच मुलीला निवेदनाला बसवा. माणसं कमी असतील तर मी येतो, महिन्यातून दोन रविवार, बिनपैशांनी, रेकॉर्डही माझ्याच. पैसे नाहीत हे कारण असेल तर तसं लिहून द्या, आपण वर्गणी काढू. "आपलं नाही" हे कारण मी घेणार नाही. दुसरी मागणी मंडळाला: पुढच्या वर्षी या मुलांना साडेसहाला बसवा आणि सत्कार सगळ्यात शेवटी ठेवा. दहा वाजले की माइक बंद होतोच.

सही करायची असेल त्यांनी इनबॉक्समध्ये नाव कळवा. मंडळातल्यांनी केली तरी चालेल, कुणाला सांगणार नाही.