ठमीला फिनाइल कशाला?

परवा मावशीचा फोन आला. ताप, घसा, टेस्ट पॉझिटिव्ह. पण काळजी स्वतःची नाही, ठमीची. ठमी म्हणजे तिची मांजर. सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज तिने मला वाचून दाखवला: कोरोना मांजरांमुळेच घरोघरी पसरतो, घरात पेशंट असेल तर मांजर बाहेर सोडा, ठेवायचीच असेल तर रोज जंतुनाशकाने पुसा, आणि प्राण्यांच्या लशीवर ‘कोरोना’ आधीपासूनच छापलेलं असतं, विचार करा! खाली ‘जनहितार्थ’.

"दोन दिवस पुसतेय गं मी तिला. ते बादलीत टाकलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं ना, त्याने."

इथे माझं डोकं फिरलं, म्हणून आधी तेच. फिनाइल काय किंवा ते पांढरं होणारं औषध काय, त्यात बऱ्याचदा फिनॉलच्या जातीची रसायनं असतात. माणसाचं यकृत ती बऱ्यापैकी निकामी करतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारं एन्झाइम जेमतेम असतं. आणि अंग ओलं झालं की मांजर काय करतं? चाटत बसतं. पंजे, पोट, शेपटी. म्हणजे फडक्यातलं सगळं तासाभरात पोटात. मग लाळ गळते, तोंडात फोड येतात, चालताना तोल जातो. सॅनिटायझरचंही तेच; अल्कोहोल चाटूनच पोटात जातं. बरं, एवढं करून मिळणार काय? अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, स्पष्ट सांगितलंय की पाळीव प्राण्यांच्या केसांवरून माणसाला कोरोना होतो असा पुरावा नाही, त्यांना असल्या रसायनांनी पुसू नका.

आता ‘मांजरांमुळेच’. मांजरांना कोरोना होतो, हे कबूल करावं लागतं. पण देतं कोण? हाँगकाँगमध्ये २०२० साली बाधितांच्या घरातली किंवा त्यांच्या निकट संपर्कातली ५० मांजरं तपासली. पॉझिटिव्ह निघाली ६, आणि त्यांतल्या एकालाही लक्षणं नव्हती. एका मांजरातला विषाणू तर मालकाच्या विषाणूशी तंतोतंत जुळला. म्हणजे पेशंटच्या संगतीत राहूनही ४४ निगेटिव्ह. तरी दोषी मांजरच!

उलटं एकदा झालंय, तेही सांगते, नाहीतर कुणीतरी तोंडावर फेकेल. थायलंडमध्ये २०२१ साली नाकातला स्वॅब घेताना मांजर पशुवैद्य बाईंच्या तोंडावर शिंकलं आणि त्यांना लागण झाली. मास्क होता, डोळे उघडे होते. पण ते मांजरही बाधित मालकांच्याच घरातलं.

बाहेर सोडा म्हणे! मांजराकडून मांजराला हा विषाणू जातो, हे प्रयोगांत दिसलंय. मग लागण झालेलं मांजर गल्लीत सोडून काय साधणार? लशीवरचा ‘कोरोना’ कुत्र्यांचा, वेगळा विषाणू आहे. आडनाव एक म्हणून माणूस एक होत नाही.

मावशीला म्हटलं, काकांना सांग, ठमीला कोमट पाण्याने नीट धुवा, कोरडी करा आणि आत्ता प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावा. ती काकांच्या खोलीत राहील, तू तुझ्या. तुझं दार बंद, पापे बंद, ताटातला मासाही बंद. शेवटच्यावर जरा रुसली.

संध्याकाळी काकांनी हे सगळं ग्रुपवर टाकलं. मूळ मेसेजवाल्या गृहस्थांनी हात जोडले आणि दहा मिनिटांत लवंगेचा काढा पाठवला.